सोनेरी टोकांची केबल

२०२५ च्या नोव्हेंबरात महिला विश्वचषकाची फायनल होती आणि आमच्या टीव्ही रूममधली एचडीएमआय केबल नेमकी त्याच आठवड्यात गेली. टीव्ही सेक्रेटरी मीच. वर्गणीचे पैसे घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने दोन केबल समोर ठेवल्या. दोन्ही दीड मीटर. एक अडीचशेची, दुसरी चोवीसशेची, सोनेरी टोकांची. "मॅडम, हिच्यात पिक्चर एकदम खुलतं." मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे हे साफ विसरले आणि महागडी घेऊन आले.

भारत जिंकला. सगळ्या म्हणाल्या, "काय क्लिअर दिसतंय गं!" मीही म्हणाले. (जिंकताना कुठलंही चित्र क्लिअरच दिसतं म्हणा.) पण महिन्याचा हिशेब लावला तेव्हा फर्स्ट इयरच्या एका मुलीने विचारलं, "ताई, या केबलने नक्की काय सुधारतं?" मला उत्तर देता आलं नाही. ते आता देते. माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे, सांभाळून घ्या.

आधी दुकानदाराच्या बाजूने. जुन्या ॲनालॉग टीव्हीत व्होल्टेज म्हणजेच चित्र, त्यामुळे वायरचे दोष थेट पडद्यावर दिसायचे. ७५ ओहमच्या जागी ५० ओहमची वायर जोडली तर (७५ − ५०) ÷ (७५ + ५०), म्हणजे २० टक्के व्होल्टेज परत फिरतं. गच्चीवरच्या अँटेनापासून ३० मीटर वायर असेल, तर ते वर जाऊन पुन्हा खाली यायला साधारण ३०० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात अर्धा मीटर रुंद पडद्यावर चित्र ३ मिलिमीटर पुढे सरकलेलं असतं, आणि प्रत्येक आकृतीच्या उजवीकडे तिचं भूत उभं राहतं. बाबा सांगतात, त्यांच्या घरी 'रामायण' लागलं की दोन-दोन राम दिसायचे.

एचडीएमआय २००२ साली आली आणि हा मामलाच बदलला. तिच्या १९ पिनांपैकी चित्रासाठी तारांच्या तीन जोड्या असतात. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल, दुसरीवर त्याचाच उलटा. टीव्ही दोन्हींची वजाबाकी करतो, त्यामुळे दोन्हींवर सारखा बसलेला नॉइज कटतो. मग प्रश्न एवढाच, शून्य की एक? फुल एचडीत सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे बारा कोटींहून जास्त पिक्सेल जातात. लाल रंग 'आणखी खुलायचा' तर त्यातले फक्त लालचे आकडे, तेही नेमक्या प्रमाणात, बदलायला हवेत. तार एवढी हुशार नसते हो! ती चुकली तर कशीही चुकते. पडद्यावर ठिपके चमकतात, नाहीतर चित्रच गायब. ठिपके नसतील तर आकडे नीट पोहोचले.

आणि सोनं? ते तांब्यापेक्षा वीज कमीच वाहून नेतं. गंजत नाही म्हणून टोकांना मुलामा देतात. तो अडीचशेच्या केबललाही होता.

तरी मन मानेना. स्वतःच्या पैशांनी ती स्वस्त केबल आणली. पाच मैत्रिणींना प्रत्येकी दहा वेळा कुठली केबल ते ओळखायला सांगितलं. केबल बदलताना सगळ्या पाठमोऱ्या. ५० पैकी २७ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. शेवटी मी बदलल्याचं नुसतं नाटक केलं, तेव्हाही दोघींना "आता शार्प" दिसलं.

लांबी वाढली की मात्र गोष्ट वेगळी. फ्रीक्वेन्सी वाढते तसा करंट तारेच्या फक्त सालीतून वाहतो. १ गिगाहर्ट्झला तांब्यात ही साल जेमतेम २ मायक्रॉन! म्हणजे तारेचा रोध वाढतो, आणि मीटरमागे सिग्नल क्षीण होत जातो. सेमिनार हॉलच्या प्रोजेक्टरसारखी १५ मीटरची केबल हवी असेल तर जाड तारांची किंवा ऑप्टिकल फायबरची घ्या, तिथे पैसे सत्कारणी लागतात. फोर-केला सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर पाकिटावर 'प्रीमियम हायस्पीड'चं सर्टिफिकेशन बघा. आपल्या टीव्ही रूमला साधी 'हायस्पीड' पुरते.

दुकानदार केबल परत घेत नाही. स्वस्तातली टीव्हीला लावलीय आणि फरकाचे २,१५० रुपये मी तीन हप्त्यांत वर्गणीत भरतेय. महागडी माझ्या रूमवर आहे. सध्या तिच्यावर रुमाल वाळतात.