देशाचा संघ कोठे घडतो?

(भारताचा फुटबॉल संघ एके काळी आशिया खंडात पहिला येत असे. त्या संघातील सर्व खेळाडू देशातल्याच संघांतून खेळणारे होते. तो संघ एका शिक्षकाने कसा घडवला आणि पुढे आपण मागे का पडलो, हे या पाठात सांगितले आहे.)



उमरीच्या स्टेशनवर तुम्ही अनेकदा उभे राहिला असाल. एका बाजूची गाडी धर्माबाद, निजामाबादवरून सिकंदराबादला जाते. दुसऱ्या बाजूची गाडी मुदखेड, नांदेड, मनमाडवरून मुंबईकडे जाते. म्हणजे आपले गाव हैदराबाद आणि मुंबई यांच्या मधल्या वाटेवर आहे. ही दोन्ही शहरे एके काळी भारतीय फुटबॉलची मोठी घरे होती. तिसरे मोठे घर म्हणजे तेव्हाचे कलकत्ता, आजचे कोलकाता.

एकदा तास संपताना एका मुलाने मला विचारले, "सर, आपल्या उमरीचा मुलगा भारताच्या फुटबॉल संघात खेळू शकेल का?" सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर देण्याआधी आपल्याला दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. देशाचा संघ कोठे घडतो?

तुम्ही म्हणाल, देशाचा संघ शिबिरात घडतो. प्रशिक्षक खेळाडूंना बोलावतात, सराव करून घेतात आणि संघ तयार होतो. पण विचार करा. शिबिर काही आठवड्यांचे असते. खेळाडू मात्र वर्षभर आपल्या क्लबकडून खेळत असतो. त्याचा पाय, त्याची नजर, त्याचा दम हे सगळे तेथेच तयार होते. शिबिरात फक्त निवड होते आणि मोट बांधली जाते.

म्हणून लीग म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. लीगला मराठीत 'साखळी स्पर्धा' म्हणतात. साखळी म्हणजे जंजीर. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ उतरले, तर पहिल्याच फेरीनंतर आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात. साखळीत तसे नसते. तेथे प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो. दहा संघ असतील, तर प्रत्येकाला नऊ सामने मिळतात आणि एकूण पंचेचाळीस सामने होतात. आज हरलेला खेळाडू पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरतो आणि आपली चूक सुधारतो. खेळाडू असाच घडतो.

आता एका शिक्षकाची गोष्ट ऐका.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन ते शिक्षक झाले. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या शाळांत त्यांनी शिकवले. त्या काळात आपला नांदेड जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता. म्हणजे रहीमसाहेब आपल्याच मुलखातले एक शिक्षक होते, असे म्हणायला हरकत नाही.

रहीमसाहेब स्वतः चांगले फुटबॉल खेळत. पुढे ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. त्यांनी एक गोष्ट ओळखली. मोठ्या वयात खेळाडूच्या सवयी बदलत नाहीत. म्हणून त्यांनी लहान मुलांसाठी निराळ्याच स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत मुलांनी फक्त आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारायचा, असा नियम होता. दुसऱ्या एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत पळायला मनाई होती. चेंडू मिळताच तो सोबत्याला द्यायचा. पहिल्या स्पर्धेने दोन्ही पाय तयार होत. दुसरीने आपल्याबरोबर सोबत्याकडेही पाहण्याची सवय लागे. खर्च काहीच नाही, पण शिकवण मोठी!

याच मैदानांतून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ उभा राहिला. रहीमसाहेब त्याचे प्रशिक्षक होते. मुंबईत रोव्हर्स चषक ही जुनी आणि मानाची स्पर्धा होत असे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद पोलिसांनी जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर लोक त्यांचा खेळ पाहायला गर्दी करत.

त्याच काळात रहीमसाहेबांकडे भारताच्या संघाची जबाबदारी आली. १९५१ साली दिल्लीला पहिले एशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असे हरवले. मेवालाल यांनी तो गोल केला. शैलेन मन्ना कर्णधार होते. भारताला सुवर्णपदक मिळाले.

पण पुढच्याच वर्षी मोठा धक्का बसला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. थंड हवेच्या देशात ते जड गेले. त्यानंतर बूट घालून खेळणे आवश्यक करण्यात आले. रहीमसाहेब खचले नाहीत. पराभवातून काय शिकायचे, हे शिक्षकाला माहीत असते.

१९५६ साल आपल्यासाठी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. तीन गोल नेव्हिल डिसोझा यांनी केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. डिसोझा मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या टाटा संघाचे खेळाडू. त्याच भारतीय संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन आणि तुळशीदास बलराम हे हैदराबाद-सिकंदराबादचे खेळाडू होते. आपले एक घर सुटले होते आणि दुसरे मिळाले होते. मेलबर्नच्या मैदानावर मात्र ही दोन्ही घरे एकाच रंगाचा सदरा घालून खेळत होती. उपांत्य सामन्यात भारताने आधी गोल केला, पण शेवटी युगोस्लाव्हियाने ४-१ असा विजय मिळवला. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

सर्वांत मोठा दिवस उजाडला तो १९६२ साली जकार्ता येथे. त्या वेळचा संघ पाहा. कर्णधार चुनी गोस्वामी आणि बचावपटू जर्नैल सिंग मोहन बागानचे. बलराम ईस्ट बंगालचे. पी. के. बॅनर्जी रेल्वेच्या संघाचे. यूसुफ खान हैदराबादचे. फोर्तुनातो फ्रँको मुंबईच्या टाटा संघाचे. एकही खेळाडू परदेशी क्लबचा नव्हता. सारा संघ आपल्याच मैदानांवर घडलेला होता.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. मग भारताने थायलंडला आणि जपानला हरवले. जपानविरुद्धचा सामना २-० असा जिंकला. थायलंडविरुद्ध खेळताना जर्नैल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना घरी बसवले नाही. बचावातून काढून त्यांना आघाडीला खेळवले! ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाचीच गाठ पडली. राजकीय वादामुळे मैदानातले हजारो प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला. दुसरा जर्नैल सिंग यांनी केला. भारत २-१ असा जिंकला.

रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, त्यानंतर काय झाले? १९७० साली बँकॉकला हैदराबादच्याच सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली भारताला कांस्यपदक मिळाले. पण १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला जाऊ शकलेला नाही. असे का झाले? आपल्या मुलांचे पाय कमजोर झाले होते काय? नाही.

उत्तरासाठी जपानकडे पाहू. जकार्ताला आपल्याकडून हरलेल्या जपानने १९६५ साली आपल्या देशात राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू केली. तीनच वर्षांत, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, जपानने कांस्यपदक मिळवले. १९९३ साली जपानमध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. १९९८ साली जपान प्रथमच विश्वचषकात उतरला आणि त्या संघातील सर्व खेळाडू जपानच्याच लीगमधले होते. पुढे घरची लीग इतकी सुधारली, की युरोपचे क्लब जपानी खेळाडूंना बोलावू लागले. २०२२ च्या विश्वचषकात जपानच्या संघातील बहुतेक खेळाडू परदेशात खेळणारे होते आणि त्यांनी जर्मनी व स्पेन या दोघांनाही हरवले.

आणि आपण? आपल्याकडे शहराशहरांच्या लीग होत्या. कलकत्त्याची लीग तर १८९८ सालापासून चालत आली होती. पण साऱ्या देशाची लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडले. जपानच्या एकतीस वर्षे मागून! रहीमसाहेबांसारखा माणूस असेपर्यंत शहरांच्या मैदानांवर काम भागले. तो माणूस गेला आणि त्याची जागा घेणारी व्यवस्था आपण उभी केली नव्हती.

येथे एक गैरसमज दूर करू. संघातले सगळे खेळाडू घरच्या लीगमधले असणे ही गोष्ट आपोआप चांगली किंवा वाईट नसते. २००६ चा विश्वचषक इटलीने जिंकला. त्यांचे तेवीसच्या तेवीस खेळाडू इटलीच्या लीगमध्ये खेळणारे होते. २०२२ चा विश्वचषक अर्जेंटिनाने जिंकला. त्यांच्या सव्वीस खेळाडूंपैकी फक्त एक जण अर्जेंटिनाच्या लीगमधला होता. पण त्याच विश्वचषकात सौदी अरेबियाने याच अर्जेंटिनाला २-१ असे हरवले आणि सौदीचे सर्व खेळाडू आपल्याच देशात खेळणारे होते. खेळाडू कोठेही खेळो, त्याला दर आठवड्याला चांगला, कठीण सामना मिळाला पाहिजे. शिवाय परदेशी गेलेला खेळाडूही पहिली पावले घरच्या मैदानावरच टाकतो.

आपल्या देशाचे बहुतेक सर्व खेळाडू आजही देशातच खेळतात. म्हणून घरची लीग अडली, की देशाचा संघ अडतो. २०२५ साली करारांचा प्रश्न सुटला नाही आणि देशातील मुख्य लीग नेहमीच्या वेळी सुरूच झाली नाही. कितीतरी खेळाडू सामन्यांची वाट पाहत बसले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. एका पराभवाची कारणे अनेक असतात. पण विहिरीला झरा नसेल, तर पोहरा कितीही सोडला तरी पाणी किती येणार?

मुलींनो, तुमच्यासाठीही एक बातमी आहे. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळवला. त्या संघातील बहुतेक मुली देशातल्याच महिला लीगमध्ये खेळणाऱ्या होत्या.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. उमरीचा मुलगा भारताच्या संघात खेळू शकेल का? मी त्याला खोटी आशा दाखवणार नाही. आज उमरीत राहून ते फार अवघड आहे. बलराम सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला मुलगा होता. पण त्याच्या आसपास मैदाने होती, सामने होते आणि त्याला ओळखणारा एक उस्ताद होता. या तीन गोष्टी असतील, तर गाव लहान की मोठे याला फारसे महत्त्व राहत नाही.

या तीनपैकी सामने आपल्या हातात आहेत. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाय रुततात, हे मला माहीत आहे. पण दिवाळीनंतर जमीन कडक होते. शाळेत लहानमोठी मुले मिसळून सहा संघ करा. प्रत्येक संघाला पाच सामने मिळतील. एकूण पंधरा सामने होतील. दर शनिवारी एक सामना ठेवला, तर चार महिन्यांत साखळी पूर्ण होईल. एखादा शनिवार फक्त कमजोर पायाने खेळण्याचा ठेवा. शिट्टी घेऊन मी उभा राहीन.

शब्दार्थ

मोट बांधणे – निरनिराळ्या माणसांना एकत्र आणणे
अनवाणी – पायात काही न घालता
खचणे – धीर सोडणे
उपांत्य – शेवटच्या आधीचा
सदरा – अंगात घालायचा शर्ट
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रहीमसाहेबांनी हैदराबादच्या कोणत्या शाळांत शिकवले?
(आ) १९५६ साली मराठवाडा कोणत्या राज्यात आला?
(इ) जर्नैल सिंग यांना प्रशिक्षकांनी कोणत्या जागी खेळवले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) साखळी स्पर्धा आणि बाद पद्धतीची स्पर्धा यांत काय फरक आहे?
(आ) रहीमसाहेबांच्या दोन निराळ्या स्पर्धांमुळे मुलांना कोणता फायदा होई?
(इ) जपान आपल्यापुढे कसा गेला?

३. 'मैदान', 'उस्ताद' आणि 'कमजोर' हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द या पाठातून शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या शाळेत सहाऐवजी आठ संघ झाले, तर साखळीचे एकूण किती सामने होतील? वहीत मांडून दाखवा.