घरासाठी सौर वीज आणि सौर बंब यांची निवड

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव घरांवर सौर पॅनेल व सौर बंब दिसू लागले आहेत. सौर पॅनेल सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करते, तर सौर बंब सूर्याच्या उष्णतेने पाणी तापवितो. ही दोन निराळी कामे आहेत. हा भेद ध्यानात न घेता खरेदी केल्यास पैसा खर्च होऊनही गरज भागत नाही.

पाणी कशाने तापवावे? १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. १ किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाकाठी सुमारे ४ युनिट वीज देते व त्यास सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे एवढी सारी वीज एका कुटुंबाच्या अंघोळीच्या पाण्यातच खर्ची पडेल. हेच काम १०० लिटरचा सौर बंब त्याहून बऱ्याच कमी जागेत करतो. सबब पाण्यासाठी बंब व दिवे-पंख्यांसाठी पॅनेल, असा विचार करावा.

बंब बसविताना गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीहून उंच असावा. शिरोळसारख्या भागात विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असेल तर तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात. तेथे काचनळ्यांचा बंब बरा. भरलेल्या बंबाचे वजन १०० किलोंहून अधिक होते; म्हणून कौलारू घरावर तो न ठेवता भक्कम स्लॅबवर किंवा लोखंडी चौकटीवर ठेवावा. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडे अनेक दिवस ऊन पडत नाही. तेव्हा जुना जळणाचा बंब मोडीत काढू नये.

पॅनेल किती घ्यावे? वर्षभराची वीजबिले पाहून मासिक सरासरी काढावी. १५० युनिटांपर्यंत १ ते २ किलोवॅट, तर १५० ते ३०० युनिटांस २ ते ३ किलोवॅट पुरेसे होते. पॅनेल दक्षिणाभिमुख असावे व त्यावर नारळाची वा शेजारच्या भिंतीची सावली पडू नये. २०२४ साली सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजने'त १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये व ३ किलोवॅट अथवा अधिक क्षमतेस ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, बॅटरीविना महावितरणच्या तारेस जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या कामगाराचा जीव वाचावा म्हणून ही योजना असते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगाकाठच्या अनेक गावांत वीज नव्हती. अशा वेळी छपरावर पॅनेल असूनही घरात अंधारच राहतो. पूरप्रवण गावांतील कुटुंबांनी निदान दोन दिवे व मोबाइल चालेल एवढ्या बॅटरीची सोय मागून घ्यावी, आणि इन्व्हर्टर व बॅटरी पूररेषेच्या वर, माडीवर बसवावी. भिजलेल्या संचास हात लावू नये. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वी प्रत्येक कुटुंबास तीन प्रश्न विचारावेत: गरम पाणी किती लागते? महिन्यास युनिट किती जळतात? आणि वीज गेल्यावर काय चालू राहावयास हवे? या तीन उत्तरांवरूनच योग्य संच ठरतो.