स्कूटरचा श्वास

मुलांनो, तुम्ही जुनी स्कूटर सुरू होताना पाहिली आहे का? आजोबा आधी ती जरा तिरकी करत, मग किक मारत. एकदा, दोनदा, तीनदा! मग कोठे ती सुरू होई. पुण्याजवळ आकुर्डी येथे १९७२ पासून बनू लागलेली 'चेतक' ही अशीच एक स्कूटर. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले होते.

घोड्याला चारा लागतो, तसे इंजिनाला पेट्रोल लागते. पण नुसते पेट्रोल पुरत नाही. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग म्हणजे कार्बोरेटर.

तो कसे काम करतो? एक प्रयोग करा. पेल्यातल्या पाण्यात एक नळी उभी धरा. तिच्या वरच्या टोकावरून दुसऱ्या नळीने जोरात आडवी फुंकर मारा. पाणी वर चढेल आणि तुषार उडतील. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा अशीच वेगाने जाते. तेथे तिचा दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते. या छिद्राला जेट म्हणतात.

पेट्रोल जास्त झाले, तर काळा धूर निघतो आणि पैसा वाया जातो. हवा जास्त झाली, तर इंजिन तापते, अडखळते, बंद पडते.

मग मेकॅनिककाका काय करतात? ते जेटमधला कचरा काढतात. इंजिन चालवून गरम करतात. मिश्रणाचा स्क्रू किंचित फिरवतात आणि कान देऊन ऐकतात. आवाज एकसारखा झाला, की थांबतात. दुसऱ्या स्क्रूने गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग ठरवतात. शेवटी स्पार्क प्लग पाहतात. तो काजळला असेल, तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल, तर हवा जास्त. तपकिरी दिसला, तर प्रमाण बरोबर!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. म्हणून बंद जागेत इंजिन कधीही चालू ठेवू नये. हे काम मोठ्यांनीच करावे, तेही उघड्यावर आणि विस्तवापासून दूर.

२०२० पासून नवी चेतक विजेवर धावते. तिला कार्बोरेटर नाही. पण जुन्या स्कूटरी अजून रस्त्यांवर दिसतात. पुढच्या वेळी गॅरेजसमोरून जाताना क्षणभर थांबा आणि ऐका. काकांना जे ऐकू येते, ते तुम्हांलाही ऐकू येते का?