बहावा वाळलेला नव्हता

एक गोष्ट आधीच लिहून टाकते. आमच्या सोसायटीतला बहावा कापायला मी कुणालाही सांगितले नव्हते. महापालिकेकडचा अर्ज एकाच झाडाचा होता, मागच्या भिंतीजवळच्या पर्जन्यवृक्षाचा. सोबतच्या फोटोत त्याच झाडाभोवती लाल पेनाने गोल काढला होता. आवक शिक्का असलेली प्रत आजही माझ्या फाइलीत आहे. तरी डोंबिवली पूर्वेच्या आमच्या गल्लीत ‘सेक्रेटरीबाईंनी चांगलं झाड पाडलं’ असेच बोलले जाते, म्हणून लिहायला बसले.

पर्जन्यवृक्ष मेला होता, यात वाद नव्हता. पिठ्या ढेकणाने मुंबई परिसरात या जातीची असंख्य झाडे वाळली. आमच्याकडे त्यात बुंध्याला भिडवून बसवलेल्या पेव्हर ब्लॉकची भर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यालगतचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. मी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवले, तेव्हा चेअरमनसाहेब म्हणाले, “मग गाड्या कुठे लावायच्या?” झाडाची साल सुटली होती, खोडावर कडक बुरशीच्या छत्र्या आल्या होत्या, ठोकले की पोकळ आवाज यायचा. भिंतीपलीकडे शाळेच्या रिक्षा उभ्या असतात. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी चालत निघालेल्या एका महिलेचा अंगावर नारळाचे झाड पडून जीव गेला. ते आठवले की मला पावसाळ्यात झोप लागायची नाही. त्यात मे २०२१ चे तौक्ते वादळ सगळ्यांनी पाहिलेले. तेव्हा मी मागे लागले होते ते या एका झाडाच्या, आणि मागे लागणे बरोबरच होते.

ठेकेदार चेअरमनसाहेबांच्या ओळखीतला. “परवानगीचं माझ्यावर सोडा, ताई,” असे तो म्हणाला. मी सोडले नाही. स्वतः अर्ज केला, पाहणी झाली, परवानगी आली. कागदावर झाड एक.

काम ठरले मार्चमधल्या एका शनिवारी. त्या दिवशी मला ठाण्याला नणंदेकडे जाणे भाग होते. संध्याकाळी परतले तर गेटमध्येच ओल्या लाकडाचा वास. वाळलेल्या झाडाला असा वास येत नाही. आत गेले तर पर्जन्यवृक्षाच्या फांद्या उतरवलेल्या, पण पोकळ बुंधा भिंतीकडे झुकून तसाच उभा. आणि विहिरीच्या बाजूला जिथे बहावा होता तिथे आकाश दिसत होते. मी वाकून एका ओंडक्याची साल नखाने खरवडली. आत हिरवीगार. कापलेल्या जागेवर हात ठेवला तर ओला झाला. मार्चमध्ये बहाव्याची पाने गळतात, काळ्या शेंगा तेवढ्या लोंबतात, आणि मग एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस येतात. आमच्या इमारतीतली पोरे दर मेमध्ये त्याखाली खेळत मोठी झाली.

ठेकेदाराला फोन लावला. “ताई, ते पण गेलेलंच होतं. एकही पान नव्हतं. उलट तुमचा खर्च वाचवला.” बुंध्याचे विचारले तर म्हणाला, त्याला क्रेन लागेल, त्याचे वेगळे. बहाव्याचे लाकूड कठीण आणि टिकाऊ असते, अवजारांच्या दांड्यांना चालते, हे त्याला पक्के ठाऊक होते. जाड ओंडके त्या रात्रीच टेम्पोतून गेले. पोकळ लाकडाला गिऱ्हाईक नाही, म्हणून धोक्याचा बुंधा आमच्या नशिबी ठेवला. माझी याविषयी खात्री आहे आणि मी ती बदलणार नाही.

बहावा तोडल्याबद्दल महापालिकेची नोटीस आली ती सोसायटीच्या नावाने. ठेकेदाराचे नाव त्यात कुठेच नव्हते. चेअरमनसाहेब, जे शनिवारी दिवसभर बाल्कनीत बसून होते, ते सर्वांसमोर म्हणाले, “झाडांचं सगळं याच बघतात.” खुलासा मी एकटीने लिहिला.

तेव्हा ज्यांच्या आवारात झाडे आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ठाणे असो, कल्याण-डोंबिवली असो, कायदा एकच, १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा. झाड तुमच्या जागेत असले, मेलेले असले, तरी परवानगी लागते. तोडणे म्हणजे फक्त बुंध्यातून कापणे नव्हे, जाळणे आणि इजा करणेही त्यात धरले आहे. दंड आहे आणि कैदही आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडांना वेगळे संरक्षण आहे, तेव्हा अर्जात झाडाचे अंदाजे वय टाळू नका.

मेलेले झाड ओळखायचे तर ऑक्टोबरमध्ये ओळखा. पावसानंतर जिवंत झाडाला पाने असतातच. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बहावा, पांगारा, काटेसावर, चाफा सगळेच ओकेबोके दिसतात आणि करवतवाल्याला ते सोयीचे पडते. शंका आली तर कोवळी डहाळी खरवडून बघा. परवानगीतल्या झाडावर रंगाने खूण करा, बाकीच्या झाडांवर ‘कापू नये’ असे लिहा, आणि दोन्हींचे फोटो ठेकेदाराच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. काम चालू असताना कमिटीतला एक माणूस झाडाखाली नव्हे, पण नजरेच्या टप्प्यात हवाच.

मेलेल्या फांदीला दोर बांधून माणूस वर चढवू देऊ नका. ती फांदीच दगा देते. हायड्रॉलिक शिडी आणणार का, कामगारांचा विमा आहे का, हे आधी विचारा. वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्या. तोंडी बोलण्यावर विसंबू नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

आणि पैसे. आमच्याकडून अर्ध्याहून जास्त रक्कम आगाऊ गेली होती, माझ्या सहीशिवाय. माझ्या नणंदेच्या नौपाड्यातल्या सोसायटीने करारात लिहून घेतले की आधी धोक्याचा बुंधा जमिनीलगत उतरेल, फांद्या आणि लाकूड कोण नेणार ते ठरेल, आणि शेवटचा हप्ता बुंधा उचलून जागा साफ झाल्यावर. तिथे सगळे काम एका दिवसात झाले. आमचा बुंधा उतरवायला दुसरा माणूस आणावा लागला, त्याचे पैसे सोसायटीने भरले, आणि पहिल्या ठेकेदाराकडून ते वसूल करायचे पत्र मी चेअरमनसाहेबांच्या सहीसाठी दिले आहे. सही अजून झालेली नाही.