शाळेतला मातीचा बैल

मंडळी, श्रावणाच्या अमावस्येला पोळा येतो. ज्याच्या दावणीला बैल आहेत, तो त्यांना धुतो, सजवतो, पुरणपोळी खाऊ घालतो. ज्याच्या घरी बैल नाहीत, तो मातीचे बैल पुजतो. तेव्हा मातीचा बैल आपल्याला काही नवा नाही. पण तोच बैल पोरगं शाळेत चित्रकलेच्या तासाला करू लागलं, की घरचे रागावतात. "अक्षरं शिकायला धाडलं, चिखल खेळायला नाही!" कुणी म्हणतो, "हे कुंभाराचं काम. आपल्या पोराला कशाला?" असं बोलणं आमच्या कानावर नेहमी येतं.

आम्ही म्हणतो, जरा थांबा. पोराला विचारा, बैलाचं वशिंड कुठं असतं? शिंगं कानाच्या पुढं की मागं? रोज बैल पाहणारं पोरगंही अडखळतं. मातीचा बैल करायचा म्हटलं, की ते गोठ्यात जाऊन नीट पाहतं. गळ्याखालची लोंबती पोळी पाहतं. पाय कुठं वाकतो ते पाहतं. पाहायला शिकणं हेही शिक्षणच. हाताने काम करत शिकावं, हा विचार गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला होता.

आपल्या धुळ्याजवळ गोंदूर नावाचं गाव आहे. तिथं 1925 साली एका सुताराच्या घरी राम सुतार जन्मले. त्यांच्या हातातली कला श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी ओळखली. त्यांनी पाठबळ दिलं, म्हणून राम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि 1953 साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. गुजरातेत नर्मदेकाठी सरदार पटेलांचा 182 मीटर उंच पुतळा आहे ना, तो त्यांच्याच कल्पनेतून घडला. 2018 साली तो उभा राहिला. डिसेंबर 2025 मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, राम सुतार वारले. सगळी मुलं काही राम सुतार होणार नाहीत. पण त्या गुरुजींनी "हे सुतारकाम घरी कर" म्हणून हाकललं असतं तर?

आता मातीचं पाहू. शेतातली काळी माती नुसती घेऊ नका. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला केवढ्या भेगा पडतात! बैलालाही तशाच पडतील. नदीकाठची किंवा तळ्यातली चिकण माती बरी. गावात कुंभारदादा असतील तर त्यांनाच विचारावं. कुठली माती चांगली, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? खरं तर शाळेने त्यांना एक दिवस मानाने बोलवावं. शाडू माती विकत आणावी लागते, तिच्यावाचून अडत नाही.

माती कुटावी, खडे वेचावे, चाळावी. दोन-तीन दिवस भिजत ठेवावी. मग भाकरीच्या पिठासारखी मळावी. भाकरी थापणाऱ्या पोरींचा हात इथं चटकन बसतो. माती जमली की नाही, हे पाहायची सोपी खूण आहे. बोटाएवढी वळी करा आणि ती बोटाभोवती गुंडाळा. वळी तडकली तर माती कोरडी तरी आहे, नाहीतर तिच्यात वाळू जास्त आहे. हाताला फार चिकटली तर पाणी जास्त झालं.

आधी धड करावं. पाय जाड ठेवावे, नाहीतर बैल बसतो! पाय जोडताना दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्याने ओरखडे काढावे, मातीची दाट राबडी लावावी आणि मग दाबावं. नुसता पाय चिकटवला, तर वाळल्यावर गळून पडतो. शिंगं बारीक असतात, ती आधी वाळतात आणि मोडतात. म्हणून त्यांना ओली चिंधी गुंडाळावी. बैल सावलीत वाळवावा, उन्हात ठेवू नये.

बैल भाजायचा असेल, तर तो आतून पोकळ हवा. माती करंगळीएवढी जाड असावी आणि पोटाला एक भोक ठेवावं. भरीव बैलात ओल राहते. आव्यात तिची वाफ होते आणि बैल फुटतो. पोळ्याला पुजायचा बैल न भाजला तरी चालतो.

गुरुजींना आमचं एकच सांगणं. मुलाचा बैल तुम्ही आपल्या हाताने सुधारू नका. "मान एवढी लांब असते का?" असं विचारा आणि त्याला पुन्हा गोठ्यात धाडा. एखादा मुलगा वाचनात मागं असतो, पण त्याचा बैल वर्गात सगळ्यांत चांगला होतो. तो बैल सगळ्यांना दिसेल असा मांडा.

आणि आई-बापांनी काय करावं? मातीच्या तासाला पोराला जुना सदरा घालावा, सोबत गोणपाटाचा तुकडा द्यावा. मोडलेला कच्चा बैल टाकू नये. तो पाण्यात घातला की पुन्हा माती होते. पोळ्यासाठी बैल करायचे तर आठ-दहा दिवस आधीच बसावं, कारण पावसाळी हवेत माती सावकाश वाळते.