सायकल लिहून दिली. रस्ता कोण देणार?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इस्लामपूरपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावचे शेतकरी माझ्याकडे तपासणीसाठी आले. वय पंचावन्न, वजन ८४ किलो, उपाशीपोटी रक्तातील साखर १६८. नांगरट ट्रॅक्टरने, पाणी मोटारीने आणि गावात फिरणे मोटारसायकलवर, त्यामुळे शेतकरी असूनही अंगाला हालचाल अशी उरलेली नव्हती. मी गोळ्या लिहिल्या आणि त्यांच्या वर ठळक अक्षरांत लिहिले, ‘रोज अर्धा तास सायकल’. ते हसले. म्हणाले, “पोराची सायकल माळ्यावर पडलीया. काढतो खाली.”

त्यांनी खरोखरच ती काढली. तीन महिन्यांत वजन चार किलोने उतरले आणि साखर १२२ वर आली. मला मोठे समाधान वाटले. पुढे दिवाळी झाली, गळीत हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी बाजार करून घरी जाताना उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारून गेल्या. त्यांना वाट देण्यासाठी हे डांबरावरून खाली उतरू लागले, तर साईडपट्टी हातभर खाली. सायकल उलटली आणि हासळीचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळी मला म्हणाल्या, “डॉक्टर, सायकल तुम्हीच लिहून दिली हुती नव्हं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. हाड सहा आठवड्यांत जुळले. पण सायकल पुन्हा माळ्यावर गेली आणि साखर पुन्हा वर चढली.

३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१८ साली जाहीर केला. आपल्याकडे त्यानंतर पंधरवड्यात शाळा सुरू होतात, नव्या सायकली खरेदी होतात. म्हणून या आठवड्यात सायकलविषयी लिहीत आहे. पण केवळ ‘सायकल चालवा’ एवढे सांगून मी थांबणार नाही. ती चूक मी एकदा केली आहे.

सायकल शरीरात काय करते?

आपल्या शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. पायडल मारताना हेच स्नायू काम करतात आणि रक्तातील साखर ओढून घेतात. एरवी साखर स्नायूंच्या पेशींत शिरण्यास इन्शुलिनची मदत लागते. परंतु काम करणारा स्नायू इन्शुलिन कमी असले तरी साखर घेऊ शकतो. व्यायाम थांबल्यावरही त्याचा हा गुण काही तास, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. मधुमेह्याने रोज किंवा निदान दिवसाआड व्यायाम करावा असे आम्ही सांगतो, ते यासाठीच.

दुसरा फायदा गुडघ्यांचा. चालताना शरीराचा सगळा भार गुडघ्यांवर येतो. सायकलवर त्यातील बराचसा भार सीट उचलते. त्यामुळे ज्यांना गुडघेदुखीमुळे चालवत नाही, अशा अनेकांना सायकल जमते.

ब्रिटनमध्ये २०१७ साली २ लाख ६३ हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांत पाच वर्षांच्या सुमारास झालेले मृत्यू हे मोटारीने किंवा बसने जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सायकलवाले मुळातच थोडे निरोगी असतील, हे मान्य. वय, धूम्रपान, आहार इत्यादी गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक उरला. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. एवढ्या लोकांना गोळ्या पुरवण्यापेक्षा सायकल स्वस्त पडते.

सायकल गेली कुठे?

माझ्या लहानपणी गावात सायकल हे प्रतिष्ठेचे वाहन होते. नगरपालिका सायकलीवर कर घेत असे, पत्र्याचा बिल्ला मिळत असे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातील हवा सोडत. मास्तर, पोस्टमन, दूधवाले, कारखान्यातील कामगार, सारे सायकलवर. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधला आपला मुलूख बराचसा सपाट. सायकलीला याहून सोयीची जमीन ती कुठली?

लोक आळशी झाले म्हणून सायकल गेली, असे आपण सहज म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. मुलीला सायकलवर शाळेत का पाठवत नाही, असे मी आयांना विचारतो. आळसाचे कारण कोणीच सांगत नाही. सगळ्यांचे उत्तर एकच, “रस्त्याची भीती वाटते.” मग मुलीला मोपेड मिळते, तीही अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊकही नसते.

बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. तिचा परिणाम नंतर अभ्यासकांनी तपासला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. शाळा लांब असलेल्या गावांत फायदा अधिक झाला. एक सायकल मुलीचे शिक्षण वाचवू शकते, ती अशी.

इतरांनी काय केले?

हॉलंडमध्ये सायकली पूर्वीपासून आहेत, असे आपण समजतो. प्रत्यक्षात १९५० नंतर तेथेही मोटारींनी सायकलींना रस्त्याबाहेर ढकलले होते. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी उभ्या राहिलेल्या चळवळीचे नावच मुळी ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असे होते. त्या रेट्यातून आजचे सायकल मार्ग झाले.

आपले पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे सायकल मार्ग आखले गेले. पण कित्येक ठिकाणी त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या, कुठे मार्ग मध्येच संपला, कुठे खांब आडवा आला. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने मोठा सायकल आराखडा मंजूर केला आणि भाड्याच्या सायकलीही आल्या. काही काळातच त्या सायकली रस्त्यावरून नाहीशा झाल्या. धडा सरळ आहे. सायकल वाटणे सोपे, तिची वाट मोकळी ठेवणे कठीण.

आपल्या गावात काय करता येईल?

कोट्यवधींचा प्रकल्प नको. माझ्या मते पाच गोष्टींनी सुरुवात होईल.

१. शाळांकडे जाणारे तीन-चार रस्ते निवडावेत. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी अर्धा-अर्धा तास त्यांवर अवजड वाहनांना बंदी आणि कडेला वाहने उभी करण्यास मनाई असावी.

२. शाळांच्या दारांशी रुंद, रंगवलेले गतिरोधक हवेत. वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. वेग कमी करणे हाच पहिला औषधोपचार.

३. खेड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या साईडपट्ट्या मुरूम टाकून डांबराच्या पातळीला आणाव्यात. माझ्या रुग्णाचे हाड त्या हातभर खड्ड्याने मोडले.

४. गळीत हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे लाल रिफ्लेक्टर बसवावेत. हे काम कारखाने, वाहनमालक आणि पोलीस यांनी मिळून करावे.

५. एस. टी. स्टँड, बाजार, बँका येथे साखळी बांधता येईल असे सायकल स्टँड व्हावेत. चोरीच्या भीतीनेही सायकल घरी राहते.

यासाठी प्रभागातील नागरिकांनी नगरपरिषदेला आणि खेड्यांतील लोकांनी ग्रामसभेत लेखी मागणी करावी. तोंडी तक्रार कट्ट्यावरच विरते. अर्जाला निदान आवक क्रमांक तरी पडतो.

सायकल सुरू करताना

पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटेच चालवावी आणि हळूहळू अर्ध्या तासावर न्यावी. आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागावा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, एवढी सीट उंच ठेवावी; सीट खाली असली तर गुडघे दुखतात. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. घाम फुटून हात थरथरू लागले तर थांबून ती लगेच खावीत. हृदयविकार असलेल्यांनी, तसेच मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले किंवा दडपल्यासारखे वाटले तर तेथेच उतरावे आणि दवाखाना गाठावा. पहाटे किंवा संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे, पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर आणि डोक्यावर हेल्मेट असावे.

ते शेतकरी गृहस्थ अजून माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात साखर पाहून मी काही बोलणार तोच ते म्हणाले, “साहेब, साईडपट्टीचा अर्ज लिहून द्या. गावातल्या चाळीस जणांच्या सह्या आणतो. पट्टी भरली की सायकल खाली काढतो.” त्या दिवशी मी एका कागदावर गोळ्या लिहिल्या आणि दुसऱ्यावर अर्ज. दोन्ही कागद एकाच आजाराचे होते.