वेस, दरवाजा आणि गेटवे : तांत्रिक पाठ मराठीत लिहिताना

सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. लिंबायत, उधना या भागांतील खानदेशी घरांतली अनेक मुले मराठीतून शिकतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती-हिंदी आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी, असा त्यांचा दिवस असतो. अशा मुलांसाठी संगणकाचा पाठ लिहिताना पारिभाषिक शब्द कसा निवडावा, हे 'गेटवे' या एका शब्दावरून पाहू.

१. शब्दविचार

'प्रवेशद्वार' हा प्रतिशब्द चटकन सुचतो. पण तो दिशाभूल करतो. प्रवेशद्वारातून माणूस आत येतो. संगणकात भरायचा गेटवे हा मात्र बाहेर जाण्याच्या वाटेचा पत्ता असतो. शिवाय 'मुख्य प्रवेशद्वार' म्हटले की विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतला सर्वांत मोठा संगणक, म्हणजे डोमेन सर्व्हर, आठवतो आणि तो त्याचाच पत्ता गेटवेच्या चौकटीत लिहितो. बाहेरची वाट असते राउटरकडे. मग इंटरनेट बंद!

'वेस' हा शब्द अधिक जवळचा आहे. वेशीच्या आत गल्लीतून कुठेही जाता येते. परगावी जायचे तर वेशीतूनच जावे लागते. गेटवेचे काम नेमके हेच. पण 'वेशीबाहेर' या शब्दाला गावाबाहेर ठेवलेल्या माणसांची आठवणही चिकटलेली आहे. म्हणून 'वेस' समजावण्यासाठी वापरावी, संज्ञा म्हणून 'गेटवे' ठेवावा, असे मला वाटते.

सुरतेने ही तडजोड आधीच केली आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज शहरावर चालून आले तेव्हा तट मातीचा होता. पुढे तो विटांचा झाला. आज तट उरला नाही, तरी लाल दरवाजा, सहारा दरवाजा, उधना दरवाजा आणि मजुरा गेट, अठवा गेट ही नावे रोजच्या बोलण्यात आहेत. 'दरवाजा' आणि 'गेट' शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाची वाट चुकत नाही.

२. कृती

समजा, राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ आणि डोमेन सर्व्हरचा १९२.१६८.१०.२ आहे. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सर्व संगणक वेशीच्या आतले. (यंत्रात आकडे इंग्रजी लिपीत भरावेत.)

अ) सर्व्हरला कायमचा पत्ता द्या. गेटवे : १०.१ ने संपणारा, राउटरचा. डीएनएस : सर्व्हरचा स्वतःचा.
आ) सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतील, तर गेटवे एकाच कार्डावर भरा. दोन वेशी दाखवल्या की बाहेर जाणारी माहिती कधी चुकीच्या वाटेला लागते.
इ) इतर संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेत पर्याय ००३ मध्ये राउटरचा आणि पर्याय ००६ मध्ये सर्व्हरचा पत्ता भरा.
ई) बाहेरच्या नावांची चौकशी सर्व्हरने पुढे कोणाकडे करावी, ते त्याच्या डीएनएस सेवेतील 'फॉरवर्डर'मध्ये नोंदवा.

३. दोन चुका, दोन लक्षणे

गेटवे वाट दाखवतो. डीएनएस नावावरून पत्ता सांगतो. पाठात या दोन क्रियापदांची सरमिसळ झाली की विद्यार्थ्याच्या हातून चौकटींचीही होते.

गेटवे चुकला, तर डोमेनमध्ये प्रवेश होतो, आतल्या फाइली उघडतात, पण इंटरनेट चालत नाही. संगणकाच्या डीएनएसमध्ये सर्व्हरऐवजी राउटरचा पत्ता पडला, तर उलटे होते : इंटरनेट चालते, पण नवा संगणक डोमेनला जोडता येत नाही, कारण डोमेन सर्व्हर कुठे आहे हे राउटरला ठाऊक नसते. दुसरी चूक जास्त फसवी. 'नेट तर चालू आहे' म्हणून तिकडे कोणी पाहत नाही.

तपासणीचा क्रमही हाच ठेवावा. आधी गेटवेला पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला आकड्याने, शेवटी नावाने. आकड्याने उत्तर आले आणि नावाने पत्ताच सापडला नाही, तर वाट ठीक आहे. दोष नाव सांगणाऱ्याकडे आहे.

प्रतिशब्द शुद्ध आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा. तो वाचून मुलाने योग्य चौकटीत योग्य पत्ता भरला का, ही पहिली कसोटी.

स्वाध्याय

१. 'सर्व्हर', 'राउटर' आणि 'डीएनएस' यांची कामे, प्रत्येकाला वेगळे क्रियापद वापरून, तीन वाक्यांत लिहा.
२. एका संगणकावर गेटवे म्हणून १९२.१६८.२०.१ भरला आहे. वरील मांडणीत तो का चालणार नाही?
३. आपल्या गावातील वेस, नाका किंवा दरवाजा यांची नावे गोळा करा. त्यांपैकी कोणता शब्द गेटवे समजावण्यास उपयोगी पडेल, ते कारणासह सांगा.